आधी पेनड्राइव्हवर चालवून तर बघा

नमस्कार मंडळी, आज कॉम्प्युटरवर बोलायचंय, पण घाबरू नका, नवीन घ्या असं सांगायला मी बसलेलो नाही. घरात जो पडलाय ना कपाटावर, धूळ खात, पोरगं लातूरला नाहीतर संभाजीनगरला शिकायला होतं तवा घेतलेला लॅपटॉप, त्याच्याबद्दलच बोलायचंय. तो चालू करायला लागतात दहा मिनटं, म्हणून कुणी हात लावत नाही, आणि त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला. विंडोज ११ टाकायला जावं तर ते म्हणतंय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमधी पाहिजे, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे. म्हणजे मशीन धडधाकट आहे आणि दुकानदार सांगायलाय की भंगारात द्या.

देऊ नका. आधी त्याच्यावर लिनक्स चालवून बघा.

आता हे लिनक्स काय, तर विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टीम, फक्त फुकट आणि उघडी. उघडी म्हणजे तिचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो, आणि पायरसी वगैरे काही भानगडच नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षाच्या पोरानं तिचा गाभा लिहिला, त्याच्याआधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प मांडला होता, ते दोन्ही एकत्र आलं आणि गाडी पुढं गेली. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमधी पण हाच गाभा आहे, म्हणजे वापरायलात तर तुम्ही आधीपासूनच. इतिहास बस झाला.

नवीन माणूस अडकतो तो पहिल्याच पायरीला, की कुठलं लिनक्स घेऊ? उबंटू, डेबियन, फेडोरा, मांजारो, आपल्या सरकारी सी-डॅक संस्थेचं बॉस पण आहे, आणि यूट्यूबवर पोरं ह्याच्यावरून असे भांडतेत जणू बांधाची वाटणी चाललीय. त्यांच्या नादी लागू नका राव. माझं मत विचाराल तर डोळे झाकून लिनक्स मिंट घ्या. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडं घड्याळ, विंडोजवाल्या माणसाला बुजायला होत नाही. रॅम चार जीबी किंवा जास्त असंल तर सिनॅमन नावाची आवृत्ती, त्याच्याहून कमी असंल तर एक्सएफसीई. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणारेत, तवा पुढची काही वर्षं बघायचं काम नाही.

फाइल साधारण तीन जीबीची आहे. आपल्याकडं बहुतेकांचा पॅक रोजचा दीड-दोन जीबीचा, त्यामुळं डाउनलोड मधातच तुटतं आणि परत शून्यापासून सुरू होतं, लोक वैतागून सोडून देतात. त्यावर इलाज असा की मिंटच्या साइटवरच टॉरेंटची लिंक आहे ती घ्या, टॉरेंट म्हणजे फाइल तुकड्या-तुकड्यानं उतरवायची पद्धत, त्याला वेगळा प्रोग्राम लागतो, टॉरेंट जिथं थांबलं तिथूनच दुसऱ्या दिवशी पुढं चालू होतं. टॉरेंट म्हणलं की लोक दचकतात, पण इथं ते अगदी कायदेशीर आहे. मग आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यात लग्नाचे फोटो असतील तर आधी काढून घ्या कारण सगळं पुसलं जाणारंय, आणि बलेना एचर किंवा रुफस ह्या फुकटच्या प्रोग्रामनं ती फाइल त्याच्यावर चढवा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, त्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरूच होणार नाही.

आता लॅपटॉप बंद करा, पेनड्राइव्ह लावा, आणि चालू करताकरता एक बटण टकटक दाबत ऱ्हायचं. डेल, लेनोवोला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, असूसला एस्केप. यादी येते, त्यात पेनड्राइव्ह निवडा. दोन-तीन मिनटात मिंटचा डेस्कटॉप समोर येतो, आणि गंमत अशी की तुमच्या हार्डडिस्कला अजून हातही लागलेला नसतो. पेनड्राइव्ह काढला की विंडोज जसंच्या तसं. माळेगावच्या जत्रेत घोडं घेणारा माणूस आधी त्याला पळवून बघतो ना, तसंच हे, पैशाचा विषय निघायच्या आधी.

मग इन्स्टॉलचं बटण समोरच दिसतंय म्हणून दाबू नका! दमानं घ्या. आपलं रोजचं काम काय ते कागदावर लिहा आणि एकेक करून बघा. वायफाय लागतंय का? काही जुन्या ब्रॉडकॉम कार्डांना लागत नाही, तवा फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच येतं, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, घ्या. आवाज येतोय का, प्रिंटर दिसतोय का, झाकण लावून उघडल्यावर मशीन जागं होतंय का.

आणि मराठी. सेटिंगमधी कीबोर्ड लेआउटला जाऊन मराठी इनस्क्रिप्ट जोडा, त्यानं युनिकोड टायपिंग चालतं, त्यात अडचण नाही. अडचण येते कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टवाल्यांना. पत्रिका, अर्ज, सोसायटीचे ठराव, सगळं कृतिदेवात पडलेलं असतं. तर फॉन्टची फाइल मिंटमधी टाकता येते, जुन्या फाइली लिब्रे ऑफिसमधी वाचता येतात, टायपिंग पण बरंचसं होतं, पण ऑल्ट दाबून नंबर टाकून जी जोडाक्षरं काढतो ना आपण, ती तशी निघत नाहीत. ज्याची रोजीरोटीच त्या टायपिंगवर आहे त्यानं हे आधी तपासावं, उगंच नंतर मला शिव्या नकोत.

टॅली वापरणाऱ्या दुकानदारांनी तर विंडोज ठेवावंच, ती विंडोजसाठीच बनलेली आहे. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी बोटाचा ठसा घ्यायच्या यंत्राचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतंय का हे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नये. पण घरात पोरांचा अभ्यास, यूट्यूब, सातबारा काढणं, फॉर्म भरणं, पीडीएफ, एवढंच काम असंल, आणि बहुतेक घरात एवढंच असतंय, तर फायरफॉक्स, व्हीएलसी, लिब्रे ऑफिस सगळं मिंटसोबतच येतं किंवा त्याच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एका क्लिकवर मिळतं. विंडोजवाली सवय, गूगलवर शोधून कुठलीबी फाइल उतरवायची, ती मात्र सोडा.

चार दिवस असं बघून झालं, पटलं, की मग इन्स्टॉल. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचा पर्याय त्यातच येतो. फक्त तीन गोष्टी: सगळ्या कामाच्या फाइली दुसरीकडं काढून ठेवा. विंडोजमधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावायची सोय, चालू असंल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा लांबलचक नंबर, लिहून घ्या, नाहीतर विंडोज नंतर तीच मागत बसंल. आणि बॅटरी फुल्ल करा. ज्याची बॅटरीच गेलीय, नुसत्या चार्जरवर चालतंय, त्यानं इन्व्हर्टरवर लावावं, कारण हार्डडिस्कची वाटणी चालू असताना लाईट गेली तर सगळा डेटा जाऊ शकतो, आणि आपल्याकडं लाईट कवा जाईल हे महावितरणलाच माहीत.

दोन्ही टाकल्यावर एक गंमत होते, विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागं दिसतं. मशीन बिघडलेलं नाही. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच इथली वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासाचा फरक. लिनक्सच्या टर्मिनलमधी, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ टाकली की मिटतंय, नेटवर 'सेट लोकल आरटीसी' असं शोधा, ती ओळ सापडंल. पासवर्ड मागितला आणि टाइप करताना काहीच दिसंना, तरी थांबू नका, बऱ्याच ठिकाणी तो दिसतच नाही, टाकायचा आणि एंटर मारायचं.

घड्याळाचाच विषय निघालाय तर इकडं स्टुडिओतलं घड्याळ पण मला खुणावायलंय. येतो मंडळी, नमस्कार.