लाल थुंकीचा दिवस

नमस्कार श्रोतेहो. दातांचा डॉक्टर म्हटलं की तुम्हाला सुई आठवते. मला आठवतं एक बॉलपेन. आधी त्याचीच गोष्ट.

प्रॅक्टिसचं चौथं वर्ष. खुर्चीत आठ-नऊ वर्षांचा मुलगा. ब्रश कुठे पोचत नाही ते दाखवायला आम्ही दातांना एक लाल औषध लावतो. थर असेल तिथे दात लाल, आणि थुंकीही लाल. ते लावलं, दात साफ करायला लागलो. मध्येच दिवा सरकवला, ड्रॉवर उघडला, केसपेपरवर दोन ओळी खरडल्या. हातात ग्लोव्ह्ज होतेच, तेव्हा मी निर्धास्त.

चूळ भरून पोरगा म्हणाला, "काका, दिव्याला पण लागलंय."

मग काय, त्याला खेळच मिळाला. ड्रॉवरची मूठ. पेन. खुर्चीचं बटण. "आणि तुमचा चष्मा!" चष्मा मी कधी वर सरकवला, मला आठवेना. त्यानं नऊ ठिकाणं मोजली. आमच्या मदतनीस ताई फडकं घेऊन त्याच्या बोटामागे, आणि त्याची आई रुमालाआड हसतेय.

त्या दिवशी थुंकी लाल होती म्हणून दिसली. एरवी ती बिनरंगी असते. पुन्हा सांगतो, बिनरंगी असते. दात साफ करताना तिच्यात रक्तही मिसळतं. आणि हेपटायटिस बीचा, म्हणजे यकृताच्या काविळीचा, विषाणू वाळलेल्या रक्तात 7 दिवस तग धरतो.

हे आम्हा डॉक्टरांना माहीत नसतं असं नाही. परीक्षेत सगळे लिहितात. बाहेर पाच पेशंट ताटकळले की हात आपसूक पेनाकडे जातो. वेटिंग रूममध्ये माशांची टाकी ठेवायला मात्र सगळ्यांना वेळ असतो! त्या टाक्यांवर माझा जुना राग आहे, असो.

आता अवजारांचं. उकळत्या पाण्यात जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली रूपं, वाचतात. ते मारायला ऑटोक्लेव्ह नावाच्या यंत्राची दाबाखालची वाफ लागते, 121 अंश, निदान 15 मिनिटं. दात कोरायचा हँडपीससुद्धा त्यातच. नुसता पुसून चालत नाही, थुंकी आत ओढली जाते. पुसून चालत नाही, बरं का. अवजारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

तो मुलगा सहा महिन्यांनी परत आला. दिव्याच्या मुठीला आता प्लास्टिकचं आवरण होतं, प्रत्येक पेशंटला नवं. लिहायचं काम ताईंकडे. खुर्चीत बसण्याआधी त्यानं सगळीकडे नजर फिरवली आणि जरा हिरमुसून विचारलं, "आज लाल नाही लावणार?"