डब्यातला अननस: कुठे वापरावा, कुठे नाही

मंडळी, नमस्कार. टेबलावर या दोन वाट्या आहेत. दोन्हींत काल रात्री एकाच पाकिटातली जिलेटिनची जेली लावली. एकीत बाजारातून आणलेल्या ताज्या अननसाचे तुकडे घातले, दुसरीत डब्यातले. मागे बसलेल्यांना दिसावं म्हणून वाट्या जरा कलत्या करते. ही डब्यातल्या अननसाची. घट्ट बसली आहे, बोट लावलं की नुसती थरथरते. आणि ही ताज्याची. रात्रभर फ्रीजमध्ये राहूनही पाणीच पाणी, वाटी आणखी कलती केली तर टेबलावर सांडेल.

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं आणि ते प्रथिनं तोडतं. जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे जेली जमतच नाही. चायना ग्रास वापरणाऱ्यांना हा त्रास होत नाही, कारण ते समुद्रशेवाळातून काढतात आणि त्यात तोडायला प्रथिन नसतं. डब्यातल्या अननसात ब्रोमेलेन का नाही? कारण डबा भरताना तो तापवलेला असतो, आणि त्या उष्णतेत हे एन्झाइम निकामी होतं. डब्यातला अननस म्हणजे शिजलेला अननस. एवढं एक धरून चाललात तर तो कुठे वापरायचा, कुठे नाही आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी दूध-दह्याचं बघू. ताजा अननस दुधात घातला की दूध नासतं आणि थोड्या वेळाने कडू लागतं. दुधातल्या प्रथिनांचे ब्रोमेलेनने केलेले तुकडे चवीला कडवट असतात. यावरूनच अनेक घरांत ‘दूध आणि अननस एकत्र म्हणजे विष’ असं सांगतात. विष वगैरे काही होत नाही, पदार्थ मात्र बिघडतो. रायतं, कस्टर्ड, श्रीखंड, क्रीमचा केक यांत डब्यातला अननस निर्धास्त घाला. सकाळी केलेलं रायतं संध्याकाळीही गोडच राहील. ताजाच वापरायचा असेल तर आधी साखर घालून एक चांगली उकळी आणा. अननसाच्या शिऱ्यासाठी फोडी आधी साखरेत शिजवून घेतात, त्यात हेही साधतं. नुसतं फ्रीजरमध्ये ठेवून भागत नाही, थंडीने ब्रोमेलेन मरत नाही.

मटणाचं याच्या नेमकं उलट. मांस मऊ करायला कच्च्या पपईसारखा ताजा अननस चालतो, डब्यातला काही उपयोगाचा नाही, फार तर गोडसर चव देईल. आणि मोबाइलवर जे संदेश फिरतात, ‘अननसातलं ब्रोमेलेन पचनाला चांगलं, सूज उतरवतं’, ते वाचून कोणी डबा आणत असेल तर कृपा करून थांबा. त्या दाव्यात कितपत तथ्य आहे हा वेगळा विषय, पण डब्यात ते ब्रोमेलेन शिल्लकच नसतं.

आता पोषण. १०० ग्रॅम ताज्या अननसात ‘क’ जीवनसत्त्व साधारण ४८ मिलिग्रॅम असतं. डब्यातल्या अननसात ते १०च्या आसपास उरतं, म्हणजे पाचवा हिस्सा. तंतूही कमी होतात. ‘क’ जीवनसत्त्वच हवं असेल तर पेरू खा, त्याच्यापुढे ताजा अननसही फिका पडतो. मात्र खनिजं उष्णतेने नष्ट होत नाहीत. मॅंगनीज १०० ग्रॅममागे साधारण १ मिलिग्रॅम मिळतं, आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज २ मिलिग्रॅमच्या आसपास असते. हाडांसाठी आणि शरीरातल्या अनेक रासायनिक क्रियांसाठी ते लागतं.

खरी काळजी साखरेची. ताजा अननस १०० ग्रॅमला ५० कॅलरी, स्वतःच्या रसात भरलेला ६०, आणि घट्ट पाकातला ७८. आपल्या दुकानांत बहुतेक डबे पाकातलेच असतात. हा डबा बघा, साहित्यात लिहिलंय: अननसाचे काप, साखर, पाणी, आम्लता नियामक ३३०. हा ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, घाबरण्यासारखं काही नाही. बघायचं ते साखरेकडे. पाक ओतून दिला तरी फोडींनी बराचसा आधीच शोषलेला असतो, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी रसातला डबा शोधावा आणि तोही मोजकाच खावा. किंमत बघताना निथळलेलं वजन वाचा. डब्यावरच्या मोठ्या आकड्यात पाकही धरलेला असतो, आणि पैसे आपण फळाचे मोजतो आहोत असं आपल्याला वाटतं. तो पाकही टाकू नका. शिऱ्यात साखर तेवढी कमी करा, केकवर शिंपडा किंवा लिंबू पिळून सरबत करा.

आता थोडा इतिहास सांगते, कारण मला तो फार आवडतो. डब्यातल्या सगळ्या चकत्या एकसारख्या गोल कशा असतात? हवाईत जेम्स डोल यांनी १९०१ साली अननसाची कंपनी काढली. तेव्हा साल आणि मधला दांडा काढणं हे मोठं वेळखाऊ काम होतं. १९११ साली हेन्री जिनाका या त्यांच्या अभियंत्याने एक यंत्र तयार केलं. ते फळातून दंडगोल कापून काढायचं, वरची साल वेगळी आणि मधला दांडाही वेगळा. त्या यंत्रामुळे चकती डब्याच्या मापाची झाली आणि अननस जगभर स्वस्तात पोहोचला. आज हे काम मुख्यतः थायलंड, फिलिपिन्स अशा देशांत चालतं. आपल्याकडे मात्र अननस त्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आला होता. गोव्यात आणि कोकणात नारळ-मोहरी वाटून त्याचं सासव करतात. त्याला ताजाच अननस घ्या. तिथे आंबटपणा हवा असतो, पाकातली फोड सगळी चव गोडाकडे ओढते.

शेवटचं, साठवणुकीचं. अननस आंबट असल्यामुळे बोटुलिझमचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचे, जंतू त्यात वाढत नाहीत, म्हणून उकळत्या पाण्याइतकी उष्णता डब्याला पुरते. तरीही फुगलेला डबा घेऊ नका, घरात सापडला तर चव न बघता टाकून द्या. आणि उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका. अननसाच्या अनेक डब्यांना आतून कथिलाचा उघडा थर असतो. बंद डब्यात तो फळाचा रंग राखतो. उघडल्यावर हवा आत गेली की आंबट रसात कथिल भराभर उतरायला लागतं, आणि फोडींना धातूची चव येते. उरलेला अननस पाकासकट काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात काढून ठेवा आणि पाच-सहा दिवसांत संपवा.