नवं किट टाकलं, तरी ब्रेक का धरतोय?

नमस्कार मंडळी. व्हिडिओतून वास येत नाही हे तुमचं नशीब. काल ही गाडी घेऊन पेडर रोडनं आलो, केम्प्स कॉर्नरचा पूल उतरलो आणि नाना चौकात सिग्नलला नाकात जळका वास. बाजूला घेतली. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला, तर तवा! उजवं चाक मात्र कोमट.

गाडी गिऱ्हाइकाची आहे, एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. आणि दोन महिन्यांपूर्वी याच कॅलिपरला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला, नवं सील किट (रबरी सीलांचा संच) मीच टाकलं होतं. म्हणजे आज माझीच चूक उघडून दाखवतोय.

(कॅलिपर टेबलावर)

१९५३ साली जग्वारनं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली ती डिस्क ब्रेकवाल्या गाडीनं. १९६२ला एमजीबी आली, तिला पुढे डिस्क, मागे ड्रम. आता ड्रम उघडलात तर शू (ड्रमला आतून घासणारे तुकडे) मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा दिसतात. इथे शोधा बघू स्प्रिंग. नाहीच आहे. मग पाय काढल्यावर पॅड ढकलणाऱ्या या पिस्टनला मागे कोण घेतं?

हे घेतं. हे चौकोनी काठाचं रबरी सील. बीडाच्या बॉडीत खाच आहे, त्यात ते बसतं आणि पिस्टनला घट्ट धरतं. तुम्ही पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो आणि सीलची कड त्याच्याबरोबर वाकते. पाय काढला की रबर सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. बस, तेवढ्या फटीवर चाक मोकळं फिरतं. पॅड झिजले की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो, आणि फट पुन्हा तेवढीच. म्हणून डिस्कला ड्रमसारखं ॲडजस्टमेंट नसतं.

आता खाचेत बघा. कॅमेरा जवळ आण रे. तो तपकिरी थर दिसतोय? गंज. आपल्याकडे या गाड्या पावसाळ्यात चार महिने कव्हरखाली उभ्या असतात, त्यात समुद्राची खारी हवा. पाणी डस्ट कव्हरच्या आतून शिरतं आणि खाचेत बसतं. गंज फुगतो, सीलला मागून पिस्टनवर ढकलतो. मग सीलला वाकायला जागाच उरत नाही. सील कितीही नवं असो, पिस्टन मागे येणार नाही. मी तेव्हा पिस्टन चकाचक केला, बोअर, म्हणजे पिस्टनचं भोक, पुसलं आणि खाचेवर नुसतं फडकं फिरवलं. घाई, दुसरं काय.

खाच साफ करायला स्क्रूड्रायव्हर नको, ओरखडा पडला की गळती. पितळी तार घ्या, टोक वाकवा आणि कोपऱ्याकोपऱ्यातून खरवडा. एका बोअरला मला पाऊण तास लागला. नंतर स्पिरिटनं धुवा. रॉकेलचा ट्रे लांब ठेवा! आपल्या गॅरेजात सगळं रॉकेलमध्ये बुचकळायची सवय असते, पण रॉकेल, पेट्रोल, साधं ग्रीस, यातलं काहीही लागलं तर हे रबर फुगतं. पिस्टनच्या क्रोमला खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, बदला. आणि कॅलिपरचे दोन अर्धे जोडणारे बोल्ट उगाच खोलू नका. मधून ऑइलचा रस्ता जातो, त्यालाही सील असतं.

आता जोडणी. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा आणि बोटांनी खाचेत बसवा. कुठे पीळ पडलाय का, बोट फिरवून बघा. पिस्टनलाही ऑइल लावा, अगदी सरळ धरा आणि अंगठ्यानं दाबा. तिरका गेला तर अडकतो, मग बाहेर घ्या, पुन्हा धरा, हातोडी नको. काही पिस्टनच्या तोंडाला एका बाजूला कट असतो, त्याची दिशा महत्त्वाची, म्हणून खोलण्याआधी फोटो काढून ठेवा. मग डस्ट कव्हर. त्याच्या आत मी रबर ग्रीस लावतो.

बसवताना निपल (हवा बाहेर काढायची तोटी) वर आलं पाहिजे. डावं-उजवं कॅलिपर बदललं तर निपल खाली जातं, हवा वर अडकते आणि दिवसभर एअर काढत बसलात तरी पेडल स्पंजासारखं राहतं. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं आवळा. ब्रेक ऑइल नव्या सीलबंद डब्यातलं घ्या, कारण ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर ही हद्द १५५वर येते. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

(भाचा सीटवर, मी चाकापाशी)

"मामा, दाबू?"
"दाब. धरून ठेव... सोडू नकोस! हं, निपल बंद केलं. आता सोड."

लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकांना हेच, बुडबुडे थांबेपर्यंत. मधूनमधून बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्यातलं ऑइल बघत राहा, रिकामा झाला तर पुन्हा पहिल्यापासून.

आता गाडी जॅकवर आहे. पेडल दाब... सोड. मी चाकाला धक्का देतो. ऐका. पॅड घासल्याचा हलका सर्र आवाज येतोय, आणि चाक फिरतंय. काल हेच चाक दोन्ही हातांनी हलत नव्हतं.

उजव्या बाजूलाही मीच फडकं फिरवलं होतं. ते उद्या खोलतो.