काळ्या दगडाच्या खालचा दगड

श्रोतेहो, नमस्कार.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. त्या भूकंपानंतर जमिनीच्या पोटात काय आहे हे पाहायला शास्त्रज्ञांनी किल्लारीत एक बोअर घेतला. आपण पाण्यासाठी घेतो तसाच, पण 617 मीटर खोल. पहिले 338 मीटर आपला ओळखीचा काळा फत्तर, म्हणजे बेसाल्ट. मग गाळाचा एक पातळ थर, आणि त्याच्या खाली निराळाच दगड वर येऊ लागला. ग्रॅनाइटच्या कुळातला. वरचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तर खालचा सुमारे 250 कोटी वर्षांचा. सह्याद्रीच्या कड्यांचं आपल्याला केवढं कौतुक! पण भूगर्भाच्या हिशेबात ते कालचं सारवण आहे. भिंत त्याच्या आत आहे.

अशा भिंती खंडोखंडी सापडतात, आणि त्या बहुतेक ग्रॅनाइटच्याच. समुद्राचा तळ मात्र बेसाल्टचा. बेसाल्ट जड, ग्रॅनाइट त्याहून हलका, म्हणून खंड वर तरंगतात आणि समुद्राचा तळ खाली राहतो. आता गोम अशी की पृथ्वीच्या खोल भागातला खडक वितळला, की त्यातून बेसाल्टच बाहेर पडतो, थेट ग्रॅनाइट नाही. मग हा हलका दगड आला कुठून?

जत्रेतला बर्फाचा गोळा आठवा. तो चोखला की रंग आणि गोडी आधी तोंडात येते, हातात उरतो तो पांढरा, बेचव बर्फ. बेसाल्टचंही तसंच होतं. तो खोल दाबला गेला, तापला आणि त्यात पाणी मुरलेलं असलं, तर सगळा एकदम वितळत नाही. जे सहज वितळतं ते आधी सुटतं. हा रस सिलिकाने, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याने, भरलेला आणि हलका असतो. तो वर चढतो, थिजतो, आणि ग्रॅनाइटचा आदिम भाऊबंद तयार होतो. पाण्याशिवाय हे काम फारसं जमत नाही. म्हणजे इतका जुना ग्रॅनाइट हाती लागला, की त्या काळी जमिनीखाली पाणी पोचलं होतं, हेही कळतं.

हे कुठे नीट पाहायचं असेल, तर नागपूरहून हावड्याला निघालेल्या गाडीत बसा. चक्रधरपूर, टाटानगर ही स्टेशनं लागतात. त्यांच्या दक्षिणेला, झारखंड-ओडिशाच्या सीमेवर, सिंहभूमचा जुना खडकाळ प्रदेश आहे. तिथले ग्रॅनाइट 350 ते 300 कोटी वर्षांपूर्वीचे. वय कळतं ते झिरकॉन नावाच्या बारीक स्फटिकावरून. हा स्फटिक बनताना युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र दारातच अडवतो. त्यामुळे आज आत जे शिसं सापडतं, ते युरेनियम झिजून झालेलं. दोघांचं प्रमाण मोजा, वय हाती येतं. ओडिशातल्या चंपुआजवळच्या खडकात तर 424 कोटी वर्षांचा एक झिरकॉन मिळाला. खडक त्याहून बराच तरुण आहे. आजोबांच्या वेळचं नाणं नातवाच्या खिशात निघावं, तसं.

पण मला खरी गंमत वाटते ती तामड्याची, म्हणजे गार्नेटची. बेसाल्ट फार खोलवर, मोठ्या दाबाखाली वितळला, तर मागे उरलेल्या चोथ्यात तामडा तयार होतो आणि यट्रियम नावाचं मूलद्रव्य घट्ट धरून ठेवतो. वर गेलेल्या रसात ते कमी पडतं. म्हणजे ग्रॅनाइटमध्ये यट्रियम किती, यावरून तो किती खोलीवर जन्मला याचा अंदाज बांधता येतो. भूशास्त्रज्ञ प्रियदर्शी चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंहभूमच्या ग्रॅनाइटांची रसायनं अशी तपासली. 2021 साली त्यांनी मांडलं, की सुमारे 320 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत तिथलं कवच, म्हणजे पृथ्वीची वरची दगडी साल, 50 किलोमीटरच्या आसपास जाड झालं होतं. पाण्यात जाड ओंडका बारीक ओंडक्यापेक्षा जास्त वर दिसतो ना? तसा हा तुकडा समुद्रातून वर आला. जवळच नद्यांनी आणि भरती-ओहोटीने साठवलेल्या वाळूचे खडक आहेत, सुमारे 300 कोटी वर्षांपूर्वीचे. वाळू आहे म्हणजे झिजायला उघडी जमीन होती.

हे कवच जाड कसं झालं, यावर मात्र शास्त्रज्ञांत वाद आहे. चौधरींच्या मते खालून सतत उसळणाऱ्या उष्णतेने ते थरावर थर जाडावलं. काहींना वाटतं, भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या सालीचे मोठाले तुकडे, एकमेकांखाली सरकणं तेव्हाच सुरू झालं होतं. मला पहिली बाजू सिंहभूमपुरती पटते. सगळ्या जगाला तोच न्याय लावायची घाई नको.

पुढची पायरी कर्नाटकात दिसते. बेंगळुरूजवळच्या रामनगरच्या शिळा, जिथे एका गाजलेल्या हिंदी सिनेमातला डाकू राहत होता, त्या 250 कोटी वर्षांच्या क्लोजपेट ग्रॅनाइटच्या. सिंहभूमच्या जुन्या दगडांत सोडियम जास्त, इथे पोटॅशियम जास्त. कारण इथे आधीचंच खंडाचं कवच पुन्हा वितळलं. गोळ्याचा रस गोठवून परत चोखला म्हणा ना.

आणि आपल्याकडे? कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला गोठणे इथे तीन किलोमीटर खोल बोअर घेतला. 2017 साली तो पुरा झाला. बाराशे मीटरच्या थोडं पुढे बेसाल्ट संपला आणि ग्रॅनाइटचं कूळ सुरू झालं. तीन किलोमीटरवर काम थांबलं, तेव्हाही वर तोच दगड येत होता.

नमस्कार.