पाव उणा तो पाऊण

(दृश्य: गोकुळपेठ बाजार, सकाळ. भाजीचं दुकान, हाततराजू.)

"मावशी, पावभर सांभार द्या जी!"

नागपुरात कोथिंबीर म्हणजे सांभार, आणि पावभर म्हणजे पाव किलो. हाच पाव शाळेत एक छेद चार होतो आणि त्याला नाव मिळतं अपूर्णांक. ऐकतानाच काही कमी पडल्यासारखं वाटतं. मावशींच्या पारड्यात मात्र तो काठोकाठ भरलाय.

पाव आला संस्कृत 'पाद' वरून. पाद म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय, म्हणून चौथा हिस्सा.

(दृश्य: जवळून, फक्त हात आणि पारडी.)

आता हा हात नीट बघा. वांगी हवीत पाऊण किलो. एका पारड्यात किलोचं वजन. दुसऱ्यात वांगी, आणि वांग्यांच्याच सोबतीला दोनशेचं अन् पन्नासचं वजन. किलोतून पाव वजा झाला! 'पाऊण' चं मूळ 'पादोन': पाद ऊन, पाव उणा. शब्द सांगतो तेच हात करतोय.

सव्वा म्हणजे 'सपाद', पावासकट. साडे म्हणजे 'सार्ध', अर्ध्यासकट. अडीच तर फारच देखणा: 'अर्धतृतीय', दोन पुरे झाले, तिसरा अर्धा. साडेतीनलाही 'औट' असा स्वतःचा शब्द होता.

या शब्दांचे पाढे होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. रुपयाचे आणे सोळा, शेराच्या छटाका सोळा. सोळाचा अर्धा आठ, पाव चार, अर्धपाव दोन. कुठेही तुकडा उरत नाही. पाढे तोंडपाठ असले की दुकानाचा हिशेब कागदाशिवाय व्हायचा. ती पाठांतरं आपण फार सहज सोडली.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला, आणि हे पाढे मागे पडले.

(दृश्य: संध्याकाळ. शेजारच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा: ०.७५०)

इथे आकडा दिसतो, उणं केलेला पाव दिसत नाही. गिऱ्हाईक मात्र पाऊण किलोच मागतं.

(दृश्य: बाजार आवरतोय.)

पावणेआठ वाजले. म्हणजे आठाला पाव उणा. मावशी उरलेला सांभार ओल्या फडक्यात गुंडाळतायत.