सहाशे तीन अक्षरांचा अहवाल

जनुकाचा क्रम वाचणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ओळीने दिसणारी ही रंगीत शिखरे नीट पाहा. प्रत्येक शिखर म्हणजे एक अक्षर: ए, सी, जी किंवा टी. डुकरांमध्ये गर्भपात आणि श्वासाचा आजार घडवणाऱ्या पीआरआरएस विषाणूतले हे ओआरएफ-५ नावाचे जनुक. टाइप-२ मध्ये, म्हणजे या विषाणूच्या अमेरिकी घराण्यात, त्याची लांबी ६०३ अक्षरे. विषाणूचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, मात्र सुमारे १५,००० अक्षरांचा.

गाभण डुकरिणींचे गर्भपात होतात, पिल्लांना धाप लागते, तेव्हा विषाणू आहे की नाही हे पीसीआर सांगतो. तो कोणत्या घराण्यातला, हे बहुतेक वेळा या ६०३ अक्षरांवरूनच ठरवले जाते.

मूळ घराणी दोन. टाइप-१ चा नमुना युरोपातला लेलिस्टाड विषाणू आणि टाइप-२ चा अमेरिकेतला व्हीआर-२३३२. रोग सारखा, पण जनुकीय साम्य जेमतेम ६० टक्के. आरएनएची नक्कल करताना या विषाणूचे एन्झाइम चुका तपासत नाही, म्हणून प्रत्येक घराण्याच्याही असंख्य शाखा फुटल्या.

अहवालात १-७-४ असा आकडा असतो. ठरावीक अक्षरक्रम दिसेल तिथेच कापणारी तीन कात्री-एन्झाइमे जनुक कुठे कापतात, त्याची ही खूण. पहिला अंक एमएलयू-वनचा. लसीच्या २-५-२ विषाणूत नेमक्या कापण्याच्या जागी एक अक्षर बदलले, की आकडा १-५-२ होतो. विषाणू जवळपास तोच राहतो. उलट, आकडा सारखा असूनही दोन विषाणू दूरच्या शाखांतले निघतात. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून नवा संसर्ग आला असे ठरवू नये. दोन्ही क्रम शेजारी मांडून फरक मोजावा: सहा अक्षरे बदलली, तर साम्य ९९ टक्के.

आता इथे थांबू. एकाच जागी दोन रंगांची शिखरे एकमेकांवर चढली आहेत. अशा जागा बऱ्याच असतील, तर नमुन्यात विषाणूचे दोन स्ट्रेन (उपप्रकार) असण्याची शक्यता धरावी. अनेक पिल्लांचे रक्तजल एकत्र केल्यावर हे सहज घडते. विषाणू फार कमी असला, पीसीआरचे सीटी मूल्य (विषाणू जितका कमी तितका मोठा येणारा आकडा) तिशीच्या पुढे गेले, तर क्रम अर्धवटच मिळतो.

दोन स्ट्रेन एकाच पेशीत शिरले, की त्यांच्या जीनोमचे तुकडे जोडून संकरित विषाणू तयार होऊ शकतो. त्याचे ओआरएफ-५ लसीचे आणि बाकीचा जीनोम जंगली, म्हणजे लसीबाहेरच्या, स्ट्रेनचा, असेही असू शकते. २००६ मध्ये चीनमध्ये पसरलेल्या घातक स्ट्रेनची ओळख एनएसपी-२ या प्रथिनातली ३० अमिनो आम्लांची गळती होती. ते जनुक या ६०३ अक्षरांच्या बाहेर आहे. म्हणून लसीशी जुळणारा अहवाल आला आणि तरीही मरतुक थांबत नसेल, तर पूर्ण जीनोमचा क्रम मागवावा.