अक्कलकोटचं दुसरं संस्थान

अक्कलकोटात उतरा आणि कुणालाही विचारा, संस्थान कुठंय? हात थेट स्वामींच्या मंदिराकडं जातो. चूक नाही त्यात. पण ह्या गावाचं अजून एक संस्थान होतं, राजाचं. हा दिसतोय तो त्याचाच राजवाडा.

सुरुवात मात्र अक्कलकोटात नाही, पार तिकडं मराठवाड्यात. 1707 साल. औरंगजेब गेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याकडं निघाले, वाटेत पारद गावच्या लोखंडे पाटलांशी चकमक झाली, पाटील पडले, आणि त्यांच्या बायकोनं कडेवरचं पोर आणून महाराजांच्या पालखीत घातलं, की आता तुम्हीच सांभाळा. पोराचं नाव राणोजी. महाराजांनी सांभाळलं पण कसं, तर पहिलीच फत्ते म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह, आडनाव दिलं भोसले, आणि पुढं अक्कलकोट त्यांच्याकडं दिलं.

शस्त्रागारातल्या ह्या तलवारी, कट्यारी, बंदुका बघा. घाई करू नका, मंदिराच्या रांगेत दोन तास थांबताच की.

मुलुख म्हणाल तर हा असा, काळी माती, सपाट रान, मधून बोरी नदी जी पुढं भीमेला मिळते. 498 चौरस मैल. 1901 च्या शिरगणतीत माणसं 82,047. आणि गंमत म्हणजे सगळा मुलुख सलग पण नव्हता, तिकडं माळशिरसजवळचं पिलीवसुद्धा अक्कलकोटकरांचंच! आता बाजारातल्या ह्या मावशींचं ऐका, भाव कानडीत आणि हिशोब मराठीत.

आधी ही साताऱ्याच्या छत्रपतींची जहागीर. 1848 ला साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज वारले, इंग्रजांनी दत्तक मानला नाही, सातारा खालसा केलं, मग अक्कलकोट सरळ इंग्रजांच्या हाताखाली. पोलिटिकल एजंट कोण, तर सोलापूरचा कलेक्टर. म्हणजे राजा अक्कलकोटात आणि त्याच्यावर नजर ठेवणारा साहेब सोलापुरात. 1878 ला स्वामींनी समाधी घेतली तेव्हाही कारभार हाच होता, हे किती भक्तांना माहितीय कुणास ठाऊक.

8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं, अक्कलकोट सोलापूर जिल्ह्यातला तालुका झाला.

हा एसटी स्टँड, संध्याकाळचा. सोलापूर गाडी लागलीय, प्रसादाच्या पिशव्या सांभाळत माणसं चढतायत.